आनंदीबाईंचें चरित्र आणि तें लिहिणारी कादंबरीकर्त्री

कल्याणच्या एका मुलीचें नांव महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतें. डॉ. आनंदीबाई जोशी, अमेरिकेस जाऊन वैद्यकीची पदवी घेणारी पहिली हिंदु स्त्री, एवढें वाक्य बहुतेकांना पाठ असतें. परंतु ही कीर्ति आपल्या भाषेंत कोणी रुजविली, असें विचारलें तर उत्तर चटकन् येत नाहीं. त्या उत्तराचा मोठा भाग म्हणजे १८८९ सालीं प्रसिद्ध झालेलें एक पुस्तक, आणि तें लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर या मराठींतील आरंभींच्या कादंबरीकर्त्री. एकीची कीर्ति दुसरीच्या लेखणीनें टिकली. लेखणी धरणारीचें नांव मात्र मागें पडलें. आजच्या भाषणांत या दोघींना एकत्र पाहावयाचें आहे.

काशीबाईंचा जन्म १८६१ सालचा, सांगलीकडील आष्टें गांवचा. माहेरचें आडनांव बापट. आनंदीबाईंपेक्षां त्या अवघ्या चार वर्षांनीं मोठ्या. दोघींचीं लग्नें नवव्या वर्षीं झालीं, दोघींचें खरें शिक्षण लग्नानंतर झालें, आणि दोघींच्याही बाबतींत पहिली इच्छा नवऱ्याची होती. साम्य येथें संपतें. काशीबाईंचे यजमान गोविंदराव कानिटकर हे कवि होते, पुढें न्यायखात्यांत अधिकारी झाले. मिल्लचा स्त्रियांच्या दास्यावरील सुप्रसिद्ध निबंध त्यांनीं मराठींत आणला. बायको शिकलेली असावी ही त्यांची हौस. परंतु घरांत वडील मंडळी जुन्या वळणाची, आणि सुनेच्या हातीं पुस्तक दिसणें म्हणजे घराण्यास बट्टा ही त्या काळची समजूत. तेव्हां काशीबाईंचें वाचन चोरून झालें. ज्याला पुस्तक दडवून वाचावें लागतें, तो एकेक ओळ जपून वाचतो. ती संवय काशीबाईंच्या लेखनांतही उतरलेली दिसते.

पुढें त्यांनीं गोष्टी लिहिल्या. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी आधीं मासिकांतून आली आणि १९०३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. साठी उलटून गेल्यावर, १९२८ सालीं, 'पालखीचा गोंडा' प्रसिद्ध झाली. या कादंबरींत एका संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हातीं येतो आणि त्या तो चालवून दाखवितात. नांव मोठें मार्मिक आहे. पालखीला गोंडा शोभतो, पण पालखी वाहून नेण्याशीं त्याचा संबंध नसतो. हरिभाऊ आपट्यांसारख्या कादंबरीकाराचा त्यांच्या घराशीं स्नेह होता आणि लेखनाविषयीं दोघांमध्यें पत्रव्यवहार चाले. असें असलें तरी काशीबाईंच्या हातून झालेलें पहिलें मोठें काम म्हणजे कादंबरी नव्हे. तें म्हणजे आनंदीबाईंचें चरित्र. मराठी स्त्रीनें लिहिलेलें मराठी स्त्रीचें असें सविस्तर चरित्र त्यापूर्वीं झालेलें नव्हतें.

आतां चरित्रनायिकेकडे वळूं. आनंदीबाई माहेरच्याही जोशीच. कल्याणचे गणपतराव जोशी यांची ही मुलगी. जन्म ३१ मार्च १८६५, पाळण्यांतलें नांव यमुना. त्या काळचें कल्याण म्हणजे खाडीकांठचें जुनें बंदर, जुने वाडे, सुभेदारीच्या आठवणी, आणि या सर्वांच्या शेजारीं नुकतीच येऊन उभी राहिलेली आगगाडी. मुंबईहून ठाण्यापर्यंतची गाडी १८५३ सालीं सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. १८६४ सालीं गांवांत सार्वजनिक वाचनालय निघालें, म्हणजे यमुनेच्या जन्माच्या आदल्याच वर्षीं. पुस्तकें गांवांत आलीं होतीं; एखाद्या मुलीनें तेथें जाऊन वाचीत बसावें ही कल्पना मात्र कोणास सुचली नसती. हल्लीं सकाळच्या गाडीनें कल्याण-डोंबिवलीहून पुस्तकांच्या पिशव्या सांवरीत निघणाऱ्या मुलींची दाटी पाहणाऱ्यास त्या काळाची नीटशी कल्पना यावयाची नाहीं.

१८७४ सालीं यमुनेचें लग्न झालें. वर गोपाळ विनायक जोशी. टपालखात्यांत कारकून, बिजवर, वयानें जवळजवळ वीस वर्षांनीं मोठे. त्यांनीं बायकोचें नांव आनंदी ठेविलें आणि तिला शिकविण्याचा ध्यास घेतला. हा गृहस्थ कसा होता हें सांगणें कठीण आहे. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याचें जें प्रकरण गाजलें, ज्यांत रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवलें, त्याच्या मुळाशीं हेच गोपाळराव. मंडळींना चहास नेण्यांत पुढाकार यांचा, आणि मागाहून त्यांचीं नांवें छापवून गहजब उडविणारेही हेच. सुधारणेची तळमळ खरी, धाडस खरें, आणि विक्षिप्तपणाही तितकाच खरा.

हा विक्षिप्तपणा घरांत कोणत्या रूपानें दिसे, हें आनंदीबाईंनींच अमेरिकेहून नवऱ्यास लिहिलेल्या एका पत्रांत मांडून ठेविलें आहे. दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांचा मार, नंतर अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकें, टाकून जाण्याची धमकी, अशी वयावार नोंद त्यांत आहे. त्यापुढचा भाग अधिक विलक्षण आहे. तुमची वागणूक चांगली होती कीं वाईट होती, याचा निवाडा करणें कठीण आहे, असें त्या म्हणतात. अंतिम हेतूकडे पाहिलें तर ती योग्य ठरेल, परंतु लहान मुलीच्या मनावर तिचा काय परिणाम होईल तें पाहिलें तर अयोग्य म्हणावी लागेल, असा त्यांचा अभिप्राय. विशीच्या आंतबाहेर असलेली मुलगी ज्याच्या जोरावर ती सातासमुद्रापलीकडे गेली, त्याच्याविषयीं हें त्यालाच लिहिते. तिनें आळ घेतलेला नाहीं, आणि क्षमेची भाषाही केलेली नाहीं. आनंदीबाईंविषयीं जें कांहीं आजवर लिहिलें गेलें, त्या सर्वांत या पत्राच्या तोडीचें थोडेंच आहे.

चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंना मुलगा झाला; तो दहा दिवसच जगला. वैद्यकी शिकण्याचा निश्चय त्या दुःखांतून झाला असें सर्व चरित्रकार सांगतात. गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली असतां त्यांनीं वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठीं साह्य मागितलें. वाइल्डरसाहेबांनीं ख्रिस्ती व्हा असा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेंतील आपल्या मासिकांत छापला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटर नांवाच्या बाईंनीं १८८० सालीं दांतांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असतां तें मासिक चाळलें, आणि त्या अनोळखी मुलीस पत्र घातलें. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. ज्यांची तोपर्यंत दृष्टादृष्ट नाहीं, धर्म एक नाहीं, भाषा एक नाहीं, अशा या दोघींचें नातें केवळ टपालावर जमलें. गोपाळराव टपालखात्यांतले, तेव्हां तेंही एकपरी शोभलेंच.

कीर्तीचा आरंभ येथून झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं कलकत्त्याजवळील सिरामपूर येथील कॉलेजाच्या दिवाणखान्यांत अठरा वर्षेंही पुरीं न झालेल्या आनंदीबाई इंग्रजींतून बोलण्यास उभ्या राहिल्या. लोकांनीं नाना प्रश्न उपस्थित केले होते: येथें शिकण्याची सोय असतां अमेरिकेस कां जातां, एकट्या कां जातां, परत आल्यावर वाळींत पडाल त्याचें काय. एकेक प्रश्न घेऊन त्यांनीं उत्तर दिलें. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येऊन राहीन, हा त्यांचा निर्धार त्याच भाषणांतला. त्याच वर्षीं ७ एप्रिलला त्या नवऱ्यावांचून बोटीवर चढल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. आक्टोबरांत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत त्यांचा अभ्यास सुरू झाला.

तेथील तीन वर्षें कष्टाचीं होतीं. थंडी हाडांत शिरणारी, आहार शाकाहारी, प्रकृति मुळांतच नाजूक. पुढें गोपाळरावही अमेरिकेस आले आणि व्याख्यानें देऊं लागले. त्यांत अमेरिकन संस्कृतीची ते अशी संभावना करीत कीं, यजमानीण बाईंनाच संकोच वाटावा. १८८५ सालीं काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबूली, तिघीही आपापल्या देशच्या पोषाखांत बसल्या आहेत. ११ मार्च १८८६ रोजीं पदवीदानसमारंभ झाला. पंडिता रमाबाई मुद्दाम तेवढ्यासाठीं इंग्लंडहून गेल्या होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या. कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. १८८६ च्या नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या त्या क्षयानें पोखरलेल्या स्थितींतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली आणि त्यांनीं ती न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणें बरें नव्हे. कोल्हापूरच्या रुग्णालयांत आनंदीबाईंनीं एक दिवसही काम केलें नाहीं. त्याच १८८६ सालीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीं वैद्यकी पुरी केली आणि पुढें वर्षानुवर्षें रोगी तपासले. मुंबईच्या डॉ. रखमाबाई, ज्यांच्यावर नवऱ्यानें नांदावयास येण्याबद्दल फिर्याद लावली होती, त्या लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं सारें आयुष्य रुग्णसेवेंत वेंचलें. कामाच्या मापानें मोजलें तर या दोघींचें पारडें जड आहे. तरीही महाराष्ट्राच्या घराघरांत नांव राहिलें तें आनंदीबाईंचें. याचें कारण अकालमृत्यु हें एक आहेच. लोकांचें मन अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीकडे ओढ घेतें. दुसरें कारण, आणि तें कमी महत्त्वाचें नव्हे, असें कीं आनंदीबाईंना लेखक मिळाले.

पहिलें चरित्र अमेरिकेंत निघालें. बोस्टन येथें १८८८ सालीं कॅरोलिन हीली डॉल या स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या बाईंनीं तें प्रसिद्ध केलें. डॉलबाईंचे यजमान कलकत्त्यास मिशनरी होते व त्यांचा बहुतेक काळ इकडेच गेला. त्यामुळें हिंदुस्थान हा विषय त्यांस अगदींच परका नव्हता. पुस्तक आस्थेनें लिहिलेलें आहे. पण त्याच्या मुखपृष्ठाकडे पाहावें. आनंदीबाईंच्या नांवाखालीं, पंडिता रमाबाईंच्या नातलग, अशी ओळख छापली आहे. रमाबाईंचें नांव त्या वेळीं अमेरिकेंत दुमदुमत होतें. तेव्हां ग्रंथविक्रीच्या दृष्टीनें तें ठीकच होतें. तरी जी बाई आपल्या पायांनीं चालत गेली, तिला मरणानंतर दुसऱ्याच वर्षीं दुसरीचा हात धरून उभें राहावें लागलें, हेंही खरें.

दुसऱ्याच वर्षीं काशीबाईंचें पुस्तक आलें. त्याच्या नांवांत चरित्र हा शब्द आहे आणि त्याच्या जोडीला पत्रें हा शब्द आहे. या एका जोडशब्दांत काशीबाईंची कादंबरीकर्त्रीची दृष्टि दिसून येते. कादंबरीकार पात्राविषयीं बोलतो तेव्हां वाचक ऐकतो. पात्र स्वतः बोलूं लागलें म्हणजे वाचक पुढें सरकून बसतो. काशीबाईंना ही गोष्ट कळली होती. त्यांनीं पत्रें मिळविलीं, लावलीं, आणि कथेमध्यें आनंदीबाईंना बोलूं दिलें. कोठें थंडीचा त्रास, कोठें साडी कशी नेसावी याचा विचार, कोठें नवऱ्याच्या संशयी पत्रास दिलेलें शांत पण ठाम उत्तर. गोपाळराव त्या वेळीं हयात होते, आणि ज्या समाजासाठीं हें पुस्तक लिहिलें त्यांत नवऱ्याविरुद्ध अक्षर काढणें बायकोस शोभत नसे. काशीबाईंनीं त्यांचें श्रेय नाकारलें नाहीं आणि जाचही झांकला नाहीं. अठ्ठावीस वर्षांच्या बाईनें १८८९ सालीं हें केलें. स्वतः चोरून वाचावयास शिकलेल्या बाईला दुसरीचें उघडें पत्र छापण्याची किंमत बरोबर माहीत असणार.

अशाच कामाचें एक अर्वाचीन उदाहरण दूर देशचें आहे. लैला लालामी ही कादंबरीकर्त्री १९६८ सालीं मोरोक्कोंतील रबात येथें जन्मली, अमेरिकेंत स्थायिक झाली आणि अरबी ही मातृभाषा असतां इंग्रजींत लिहूं लागली. १५२७ सालीं स्पेनहून अमेरिकेंतील फ्लॉरिडाकडे जी मोहीम निघाली तिच्यांत एक मोरोक्कन गुलाम होता. शेंकडों माणसांपैकीं शेवटीं चार जण वांचले, त्यांतला तो एक. तिघां स्पॅनिश गृहस्थांची साक्ष नोंदली गेली. गुलामाच्या वांट्यास बखरींत जेमतेम उल्लेख आला. त्या उल्लेखावरून लालामींनीं २०१४ सालीं 'द मूर्स अकाउंट' ही कादंबरी लिहिली आणि ती त्या गुलामाच्याच तोंडून वदविली. पुलिट्झर पारितोषिकाच्या अखेरच्या निवडींत तिचा समावेश झाला व लालामींचें नांव सर्वत्र झालें. त्यांना शब्द कल्पावे लागले, कारण गुलामाचें एक अक्षरही उरलेलें नव्हतें. काशीबाईंजवळ खरीं पत्रें होतीं, म्हणून त्यांनीं कल्पनेला आवर घातला. कादंबरीकारानें कादंबरी न लिहिणें यालाही मोठा संयम लागतो.

मराठींतली कादंबरी येण्यास त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षें लागलीं. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' १९६८ सालीं निघाली आणि घरोघर वाचली गेली. ती भाषांतरित झाली, तिचें नाटक झालें, आणि २०१९ सालीं त्याच नांवाचा चित्रपट आला. सामाजिक विषयावरील उत्तम चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आज आनंदीबाई म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती याच कादंबरींतील वा पडद्यावरील आनंदी. कादंबरी सरस आहे यांत वाद नाहीं. गोपाळरावांसारखें वादळी पात्र हातीं लागल्यावर कोणत्या लेखकाची लेखणी आवरेल? परंतु पुस्तकाच्या नांवांत दोघें आहेत, आणि वाचून झाल्यावर मनांत अधिक वेळ घुमत राहतो तो गोपाळरावांचाच आवाज. आनंदी तेथें घडविली जाते. पत्रांत ती घडविणाऱ्याचें मोजमाप करते. शुक्र ग्रहावरील एका विवरास आनंदीबाईंचें नांव आहे, म्हणजे कीर्ति आकाशापर्यंत पोंचली, आणि तिचा स्वतःचा शब्द मात्र अजून थोड्याच घरांत पोंचला आहे.

काशीबाई १९४८ च्या जानेवारींत, सत्त्याऐंशी वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांनीं लिहून ठेविलेलें आत्मकथन कित्येक वर्षांनंतर सरोजिनी वैद्य यांनीं संपादून प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें या बाईची पुन्हा ओळख झाली. आनंदीबाईंच्या चरित्राची दुसरी आवृत्ति १९१२ सालीं निघाली होती. ज्यांना तें पुस्तक पाहावयाचें असेल त्यांनीं कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयांत किंवा ठाण्याच्या, १८९३ सालीं स्थापन झालेल्या, मराठी ग्रंथसंग्रहालयांत चौकशी करून पाहावी. जुन्या छपाईचा कंटाळा येत असेल तर आरंभींचीं प्रकरणें तूर्त बाजूस ठेवून फिलाडेल्फियाच्या पत्रांपासून सुरुवात केली तरी चालेल.